नवखीचा बंद प्रश्न

मंगळवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. रुग्णवाहिका नियंत्रण कक्ष, दुसरा मजला. कक्षात दोन माणसं. फोनवर एक बाई आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी डेटाबेस सांभाळणारा एक माणूस. बाकी खुर्च्या रिकाम्या.

काकांनी एवढं सांगितलं आणि चष्मा पुसायला घेतला. उमेदीची सगळी वर्षं वार्ताहर म्हणून खर्ची घातलेला माणूस; आधी वेळ, मग जागा, मग माणसं, ही सवय जात नाही. समोर पुतण्या आणि त्याचे दोन मित्र, तिघंही प्रोग्रामर. मघापासून ते त्यांच्या एका फोरमवर कुणा नवशिक्यानं विचारलेला प्रश्न वाचून खिदळत होते. पुतण्यानं त्याला उत्तरही ठोकून दिलं होतं, 'आधी स्वतः शोधा, मग विचारा.' काकांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि दिवा मालवायला सांगितला.

"भुताची गोष्ट आहे का, काका?"

"ते तुम्ही ठरवा. माणूस माझ्या ओळखीचा आहे. वाटलं तर उद्या फोन जोडून देतो."

डेटाबेस सांभाळणाऱ्या त्या माणसाला सगळे मास्तर म्हणायचे. शाळेचं तोंड त्यानं स्वतः शिकण्यापुरतंच पाहिलेलं. पण फोरमवर लोकांच्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडून माहिती मागवायच्या आज्ञा, दुरुस्त करून करून त्यानं इतके गुण मिळवले होते, की कुणाचाही प्रश्न तो एकटा बंद करू शकायचा. 'हे आधी विचारून झालं आहे' असा शिक्का मारला की विषय संपला. मग त्या प्रश्नाला कुणालाच उत्तर देता येत नाही. मास्तर जेवता जेवता शिक्के मारायचा.

"एवढा अधिकार, आणि वापरायचा डाव्या हातानं. उजव्यात घास," काका म्हणाले. "बातमी न वाचता मथळ्यावर अग्रलेख पाडणारे संपादक मी पाहिलेत. त्यांचाच हा मावसभाऊ."

त्या रात्री तो साध्या कामाला आला होता. बॅकअप घ्यायचा आणि घर गाठायचं. त्याच्या आधी हे काम एक ताई बघायच्या. त्यांचा जुना कॉम्प्युटर अजून शेजारच्या टेबलावर होता, वायर गुंडाळून वर ठेवलेला. तीन वर्षांपूर्वी एका रात्री ताईंना घरी छातीत कळ आली. त्यांनी याच कक्षाला फोन केला. सात नंबरची गाडी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर उभी होती. ती हलली नाही. चौकशी झाली. अहवालात लिहिलं, तांत्रिक कारण.

"एक बाई जाते आणि तिच्या वाट्याला दोन शब्द," काका म्हणाले. "मी बातमी दिली होती. आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली. बरं, ते असो."

बॅकअप अर्ध्यावर आला असताना फोन वाजला. एका बापाचा होता. लहान मुलगी, श्वास घेता येत नव्हता तिला. बाईंनी पत्ता घातला, बटण दाबलं. पुढचं काम क्वेरीचं. ती जवळची मोकळी गाडी शोधते, पत्ता गाडीतल्या स्क्रीनवर जातो, घंटा वाजते, ड्रायव्हर निघतो.

स्क्रीनवर चक्र फिरत राहिलं.

"मास्तर, अडकलं हो."

"परत दाबा."

"दाबलं. जवळ फक्त सात नंबर आहे. बाकी सगळ्या कामावर. ड्रायव्हरचा फोन लागत नाहीये, घोरत पडला असेल मेला."

"थांबा, बघतो."

"मी थांबते. पोरगी थांबेल का?"

मास्तरनं डेटाबेस उघडला. सात नंबरच्या नोंदीवर लॉक होतं. म्हणजे कुणीतरी ती नोंद बदलायला हातात घेतली होती आणि सोडली नव्हती. ती सुटेपर्यंत बाकीच्यांनी मागे ताटकळायचं. असं होतं कधी कधी. कुणी काम अर्धवट टाकून चहाला जातं. धरून बसलेलं सेशन, म्हणजे त्या माणसाची डेटाबेसशी असलेली जोडणी, तोडलं की नोंद मोकळी होते.

त्यानं तोडलं. लॉक धरणाऱ्यांच्या यादीतली एकुलती ओळ गेली.

मग ती ओळ परत आली.

पुन्हा तोडलं. पुन्हा आली.

तेव्हा त्यानं ओळ नीट वाचली. लॉगिन ताईंचं. ते खातं त्यानं नोकरीच्या पहिल्या आठवड्यात आपल्या हातानं काढून टाकलं होतं. कॉम्प्युटर, शेजारच्या टेबलावरचा. सेशन सुरू झाल्याची तारीख... तीन वर्षांपूर्वीची. मधल्या काळात सर्व्हर कितीदा तरी बंद करून चालू केला होता.

आणि सेशन काय करतंय, तेही तिथे लिहिलेलं असतं. काहीच करत नव्हतं ते. पुढच्या सूचनेची वाट पाहत होतं.

मास्तर काकांना पुढे म्हणाला होता, की भीती अशी वाटलीच नाही. काहीच वाटलं नाही. मग त्याच्यासारखी माणसं अशा वेळी करतात तेच त्यानं केलं. फोरम उघडला. लक्षणं टाइप केली. रात्री एकाच नोंदीवर क्वेरी अडकते...

एकच प्रश्न समोर आला. विचारणारीनं नाव घेतलं होतं, नवखी. प्रश्नावर शिक्का. बंद. बंद करणारा...

तोच.

शिक्क्याखाली त्याचीच ओळ. 'शोधायचे कष्ट घ्या. इथे कुणी तुमची नोकरी करायला बसलेलं नाही.' त्याखाली लोकांच्या हसण्याच्या खुणा.

तेव्हा त्यानं फक्त मथळा वाचला होता. आता सगळं वाचलं. तिनं सगळं लिहिलं होतं. काय अडकतं, काय करून पाहिलं, संशय कशाचा आहे. ती नोंद कोण धरून बसलंय ते पाहायचं कसं, एवढंच तिला येत नव्हतं. एका ओळीचं उत्तर. आणि तिची शेवटची वाक्यं होती, 'कृपया लवकर सांगा. गाडी सात नंबरची आहे. आमच्या भागात तीच येते.'

तारीख... सेशनचीच. त्यानंतरच्याच आठवड्यात ताई गेल्या.

"मास्तर, त्यांना काय सांगू?"

त्यानं शिक्क्यावर कर्सर नेला.

"मास्तर. बाप रडतोय हो."

त्यानं प्रश्नावरचा शिक्का काढला. लिहायला लागला.

"तुम्ही काय टाइप करताय?"

"उत्तर."

"कुणाला?"

त्यानं आधी तिनं मागितलेली ती एक ओळ लिहिली. मग, 'तुमचा संशय बरोबर होता. मी प्रश्न वाचला नव्हता.' पाठवलं.

शेजारच्या टेबलावर काही हललं नाही. कॉम्प्युटर बंदच. कक्षात आवाज नाही. फोनमधून फक्त त्या बापाचा श्वास.

मग यादीतली ओळ गेली. या वेळी त्यानं तोडली नव्हती. सेशननं आपलं काम आपण पूर्ण केलं होतं. नोंद सोडली होती.

"निघाली," बाई म्हणाल्या. "सात निघाली."

मुलगी वाचली. मास्तरनं बॅकअप पूर्ण केला, घरी गेला, झोपला. स्वप्नसुद्धा पडलं नाही म्हणतो. फोरमवरचे अधिकार त्यानं परत केले. नोकरी सोडली नाही.

एका मित्रानं घसा साफ केला. "काका, जुनं सेशन लटकून राहू शकतं. सर्व्हरचा काहीतरी घोळ..."

"तज्ज्ञही मला हेच म्हणाले. सर्व्हर बंद केल्यावर कुठे लटकतं, हे विचारलं की त्यांना दुसरा फोन यायचा." काकांनी चष्मा चढवला. "मला एक सांगा. तुमच्यात उत्तरापुढे हिरवी खूण असते ना? ती कोण करतं?"

"ज्याचा प्रश्न तो," पुतण्या म्हणाला. "उत्तर पटलं तर. दुसऱ्या कुणालाच करता येत नाही."

"फोरम चालवणाऱ्यांना?"

"नाही."

काकांनी त्याला लिंक पाठवली. पुतण्यानं फोनवर उघडली. नवखीचा प्रश्न. खाली एकच उत्तर. उत्तरापुढे हिरवी खूण, आणि खुणेची वेळ... त्याच मंगळवारची, सात नंबर निघाली तीच.

पुतण्या फोनवर आधीच्या पानावर परत गेला. मघाचं स्वतःचं उत्तर त्यानं उघडलं आणि नुसतं बघत बसला.

ताईंच्या भावाकडे काका जाऊन आले आहेत. ताईंचा लॅपटॉप त्या गेल्या त्या रात्रीपासून कपाटात आहे. पासवर्ड कुणाला ठाऊक नाही. फोरम चालवणाऱ्यांना त्यांनी लेखी विचारलं, ही खूण कुणी केली. पत्र मिळाल्याची पोच दुसऱ्याच दिवशी आली. उत्तर अजून आलेलं नाही.