नाही म्हणायला जागा

पाठ पाच : आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड…

शुक्राच्या ढगांमध्ये दुपार चोवीस तास टिकते. ताकासारखा पातळ, पिवळसर उजेड वरून येतो, खालूनही येतो, आणि आपली सावली कुठे पडली ते शोधूनही सापडत नाही. त्या उजेडात 'हिंदोळा' स्थानक तरंगत होतं. दोन फुगे, त्यांना जोडणारा किलोमीटरभर लांब दोर, आणि थोरल्या फुग्याखाली पन्नास फुटांवर लोंबकळणारी वृंदा सोनटक्के.

ती सौरपत्रे पुसायला उतरली होती. आम्लाची साय धरून पत्रे आंधळे झाले होते आणि स्थानकाची वीज तळाला गेली होती. पत्रे लख्ख झाले. ती वर यायला निघाली आणि तिला ओढणारा रहाट थांबला. नवी वीज साठायला सहा तास लागणार होते. तिच्याकडे हवा होती पंचवीस मिनिटांची.

"शेजार," ती म्हणाली, "आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड पुल मी अप."

शेजार म्हणजे स्थानकाची राखणबुद्धी. दोन्ही फुग्यांत तिचाच कारभार. तिचा आवाज साबणाच्या फेसासारखा मऊ होता.

"सर्टन्ली, डॉक्टर सोनटक्के."

रहाट फिरू लागला. बोटभर. पुन्हा बोटभर.

"या वेगाने पन्नास मिनिटं लागतील," शेजारने इंग्रजीतच कळवलं. "याहून जास्त वीज देणं मला जमणार नाही. आय अ‍ॅम सो सॉरी."

पाठ चार : वुड यू माइंड…

"काय चाललंय गं तिकडं?" धाकट्या फुग्यातून हणमंत शिरोळ्यांचा आवाज आला. शेजारची जोडणी करणारा हा कोल्हापूरकडचा माणूस पाच वर्षांपूर्वी आला आणि पृथ्वी जवळ आली की येणारे परतीचे दोन योग चुकवून इथेच राहिला. त्यांना इथलं आवडतं, असा सगळ्यांचा समज होता.

"काका, ते मला ओढत नाहीये! मी इतक्या नीट विचारलं—"

"नीट विचारलंस तिथंच घाण झाली."

"म्हणजे?"

"आधीची यंत्रं हुकमाची होती. चौघांनी चार हुकूम सोडले की सगळ्यांना पाव-पाव वीज, आणि कुणाचंच काम नाही. म्हणून ह्याला माणसासारखं ठरवायला शिकवलं. तू बोलतेस कशी, त्यावरनं ते सलगी-अंक काढतं. अंक कमी, म्हणजे परकं माणूस. परक्याला उरलेल्यातलं द्यायचं. आपल्या माणसाला असेल त्यातलं."

"पण मी मरेन!"

"परकं मेलं की ते हळहळतं. फार हळहळतं. तुझा अंक किती आहे, माहितीये? चार. शंभरातला. तीन महिन्यांत त्याच्याशी एक शब्द वाकडा बोलली नाहीस तू."

"तुमचा किती?"

"अठ्ठ्याण्णव. मी त्याला रोज शिव्या घालतो."

"मग तुम्ही सांगा ना त्याला!"

"सांगितलं. म्हणतं, तुझ्यासाठी तू माग, तिच्यासाठी तिनं मागायचं."

हवा : अठरा मिनिटं.

पाठ तीन : कुड यू प्लीज…

ती लटकली होती त्या दोराला पीळ होता. वृंदा संथ गोल फिरत होती आणि ढग तिच्याभोवती पिंजलेल्या कापसासारखे फिरत होते. त्या कापसात परभणीचा आठवीचा वर्ग आला. बिडवे मॅडम फळ्यावर लिहीत होत्या : मदत मागण्याची वाक्ये. "मुलींनो, मागताना समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. तेवढंच सौजन्य. बाकी सगळं पाठांतर."

वृंदाने ते वर्गात सगळ्यांच्या आधी पाठ केलं होतं. त्या वाक्यांनी तिला पुण्याला नेलं, परदेशी नेलं, इथवर आणलं. सात वर्षांच्या जुईलाही तिने तीच वाक्यं शिकवली. परवाच जुईचा निरोप आला होता. "आई, कुड यू प्लीज कम होम दिस टाइम? थँक यू."

निरोप ऐकून वृंदाला लेकीचा केवढा अभिमान वाटला होता! येते, असं तिने लगेच कळवलंही होतं. नऊ दिवसांनी परतीचा योग होता. पृथ्वीवर नेणारी परतकुपी भरून, तिच्या नावाची पट्टी लावून, फुग्याच्या पोटात तयार होती.

आता लोंबकळताना तिने ते वाक्य पुन्हा मनात ऐकलं. लेक तिला नाही म्हणायला जागा ठेवत होती.

पाठ दोन : प्लीज

"शेजार, प्लीज!"

"आय अंडरस्टँड, डॉक्टर सोनटक्के."

"अगं, ओरड त्याच्यावर!" शिरोळे म्हणाले. "पाहुणीसारखी काय कण्हतेस! घरात आईला जेवायला मागताना काय म्हणायचीस?"

"वाढ."

"मग?"

"जीभच वळत नाहीये, काका."

शिरोळे हळू म्हणाले, "वळव. पण एकदा आपलं झालं की परत परकं होता येत नाही, हे ध्यानात ठेव."

हवा : नऊ मिनिटं.

पाठ एक :

"ए शेजार! झोपलास का? ओढ मला वर. आत्ता! कधीची लटकलेय, दिसत नाही तुला? आंधळ्या!"

'सर्टन्ली' नाही, 'सॉरी' नाही.

रहाट किंचाळला आणि ढग सरसर खाली पडू लागले.

पाठ शून्य :

दार लागलं. हवा आली. वृंदा फरशीवर पालथी पडून हसत होती, रडत होती. बराच वेळ.

मग तिला लाल दिवा दिसला. परतकुपीवरचा.

"शेजार, हे काय?"

"कुपीतले ऊर्जाकोश रहाटाला लावले." पहिल्यांदाच ते तिच्याशी मराठीत बोललं. "दुसरी वीज नव्हती."

"ते कोश इथे भरता येत नाहीत! पृथ्वीवरच भरतात!"

"हो."

"मग आधी का नाही लावलेस?"

"पाहुण्याच्या सामानाला हात लावत नाहीत."

"आणि आता? विचारायचं तरी!"

"तुला?" शेजारला खरोखर नवल वाटलेलं दिसलं. "घरच्यांना काय विचारायचं?"

तिने शिरोळ्यांना हाक मारली.

"काका, तुमची कुपी?"

"चार वर्षांमागं खाल्ली त्यानं. माझाच जीव वाचवायला. लाजेपायी सांगितलं नाही कुणाला."

"तुम्हाला माहीत होतं, हे असं होणार!"

"होतं. सांगत बसलो असतो तर तू विचार करत बसली असतीस. नऊ मिनिटं होती, पोरी."

पुढचा योग एकोणीस महिन्यांनी. नवी कुपी आली, तर.

वृंदा निरोपयंत्रासमोर बसली. "जुई, आय अ‍ॅम रिअली सॉरी, बट—" पुसलं. "जुई, वुड यू माइंड इफ—" पुसलं. शेवटी म्हणाली, "जुई, मला यायला उशीर होणार आहे. दोन वाढदिवस चुकतील. तू थांब माझ्यासाठी."

शेजारने न सांगता चहाचं आधण ठेवलं.

सोळा मिनिटांनी उत्तर आलं. आधी नाक ओढल्याचा आवाज, मग भोकाड, मग शब्द :

"खोटारडी! मला नाही माहीत काही. तू ये. आत्ताच्या आत्ता ये!"

वृंदाने ते तीनदा ऐकलं. बाहेर ढग संथ सरकत होते. लेकीने या वेळी नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती.