चार पावलांवरची खुर्ची

थर्मोपाइल दुरुस्त झाला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कॉलेजच्या कपाटात वर्षानुवर्षं धूळ खात पडलेलं ते पितळी यंत्र. समोर चार पावलांवर माणूस बसला तरी त्याची ऊब हेरायचं, आणि मोजपट्टीवर उजेडाचा ठिपका सरकायचा. असली यंत्रं दुरुस्त करण्यातच कारागिराची हयात गेली होती. त्याची रीत ठरलेली. आधी स्वतः खुर्चीत बसून ठिपका पंधराव्या रेघेवर आणायचा, मग बायकोला बसवायचं. ती अकरा भरली की यंत्र बिनचूक.

"मी काय वजनाचं माप आहे का?" ती कुरकुरायची, आणि हातातलं काम टाकून येऊन बसायची.

तिला जाऊन सात महिने झाले होते. घर नुसतं खायला उठायचं.

त्या दिवशी त्याने आपले पंधरा जुळवले आणि उठून सवयीने मोजपट्टीकडे पाहिलं. खुर्ची रिकामी. ठिपका अकरावर.

खुर्ची तापली असेल म्हणून त्याने दुसरी ठेवली. अकरा. खिडकी झाकली. अकराच. मग मात्र त्याला रडू कोसळलं.

"आलीस होय..."

यंत्र परत गेलंच नाही. रोज तो खुर्चीशेजारी स्टूल घेऊन बसायचा, दिवसभराचं सगळं सांगायचा. आकडा चढत गेला. तेरा, सोळा. बोलण्याने तिला ऊब येतेय, असं त्याने मानलं. त्याने स्वतःला मोजलं, तर दहा.

शेवटी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या बाई यंत्र न्यायला आल्या.

"काका, हात किती गार पडलेत तुमचे!" म्हणत त्या खुर्चीला टेकल्या आणि चटका बसल्यागत मागे सरल्या. "इथे... कोण बसलं होतं?"

"उद्या न्या यंत्र. एक माप राहिलंय."

त्या गेल्यावर तो यंत्रासमोर बसला. दोन. उठून बाजूला झाला. ठिपका अकरा ओलांडून गेला, थांबला तो चोविसावर.

आता मात्र मनाची समजूत पटेना. भर तापातसुद्धा ती कधी बाराच्या वर गेली नव्हती. खुर्चीत ती नव्हतीच.

दार जवळच होतं. बाई अजून जिन्यातच असतील, हाक ऐकू गेली असती. तो दारापर्यंत गेलाही. पण मागे वळून त्याने ते मुकं घर पाहिलं आणि कडी लावून परत आला.

"कोण आहेस ते सांगू नकोस..." स्टूल जवळ ओढत तो म्हणाला. "फक्त जाऊ नकोस."

खुर्ची करकरली, आणि वीतभर त्याच्याकडे सरकली.