सातव्या प्रश्नाचं उत्तर

गच्चीवर झुंबरअक्कांचे ज्वारीचे बिबडे वाळत होते आणि त्यांच्या साक्रीच्या भाचीचा, नूतनचा, पेपर सुरू झाला होता. वर्ष लॉकडाऊनचं, परीक्षा ऑनलाइन, आणि मेहरूणच्या त्या गल्लीत रेंज म्हणाल तर फक्त गच्चीवर. दहाव्या मिनिटाला तीही गेली. नूतनच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"माझं हॉटस्पॉट घ्या..."

शेजारच्या गच्चीवर नवा भाडेकरू बसला होता, पहूरचा ललित. तोही हाच पेपर देत होता. पासवर्ड सांगताना तो जरा लाजला. "भरीतपुरी... सगळं जोडून."

नूतनला हसू आवरेना. नेट आलं, जीव भांड्यात पडला. थोड्या वेळानं कठड्यापलीकडून कुजबूज आली —

"बठ्ठा पेपर नको, एक सातवा सांगा ना."

"तेवढं सोडून काहीही मागा."

त्यानं तोंड पाडलं, पण बिबड्यांवर बसलेला कावळा मात्र उठून हाकलला. फुगल्यावर त्याच्या गालाला खळी पडते, हे तिनं नको त्या वेळी पाहून घेतलं.

पंधरा दिवसांनी दोघांनाही कॉलेजातून बोलावणं आलं. दोन्ही पेपर एकाच नेटवरून गेलेले, म्हणजे कॉपीचा संशय. निकाल राखून ठेवला. धुळ्याच्या बीएड प्रवेशासाठी नूतनला निकाल दाखवायची मुदत चार दिवसांवर होती. नेट घेतलं हे खरं, पण उत्तर दिलं-घेतलं नाही, हे कुणाला कसं पटवायचं?

परीक्षेच्या मॅडमसमोर तिनं रेंज गेल्याचं सांगायला घेतलं. तेवढ्यात ललित पुढे झाला.

"मॅडम, आमचे गुण बघा."

मॅडमनी पाहिलं. तिला एक्याऐंशी, त्याला तेवीस.

"मी सातव्याचं उत्तर मागितलं होतं. यांनी दिलं नाही. दिलं असतं, तर असा आपटलो असतो का?"

मॅडमनी दोन्ही पेपर शेजारी ठेवून नीट ताडून पाहिले. मग चष्मा काढून हसल्याच. नूतनचा निकाल त्यांनी तिथल्या तिथे सोडला. ललितला ताकीद दिली आणि पुन्हा पेपर द्यायला सांगितलं.

बाहेर लिंबाखाली नूतननं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. इतकं हलकं वाटलं की हसावं की रडावं, कळेना.

"स्वतःच गुण बघायला लावलेत... लाज नाही वाटली?"

"वाटली. पण तुमचा निकाल माझ्या नेटपायी अडकला, तेव्हा जास्त वाटली."

ती पायाशी पडलेल्या लिंबोळ्या चपलेनं सारत राहिली. "उद्या चारला गच्चीवर या, वही घेऊन. अक्का असतील हं."

"सातवं सांगणार?"

"शिकवणार. सोडवायचं तुम्हीच."

तो थांबला. "त्या दिवशी म्हणाला होतात, तेवढं सोडून काहीही मागा... मागू? धुळ्याला गेल्यावर — रोज एक फोन केला तर चालेल?"

नूतननं मान वर केली. तीच खळी पुन्हा पडली होती, या वेळी हसताना.

"कर," ती म्हणाली. "पण मला 'तुम्ही' म्हणालास, तर उचलणार नाही."