उपाशी बशीतला पान्हा

पंचवीस वर्षं मी दैनिकात बातम्या दिल्या. खात्री न करता एक ओळ दिली नाही. हेही तपासलेलं आहे. पटत नसेल त्यांनी इथेच थांबावं.

बुधवार, १५ डिसेंबर १९९३. परभणी. संध्याकाळचे साडेपाच.

माझी धाकटी बहीण सुनेत्रा पशुवैद्यकात पीएच.डी. करत होती. पेडगावच्या सरजाबाईची म्हैस पोट फुगून गेली, तेव्हा तिच्या कासेचा छोटा तुकडा सुनेत्राने मागून आणला होता. त्यातल्या पेशी ती प्रयोगशाळेत बशांमध्ये वाढवायची.

दुधाचं हार्मोन दिलं की त्या पेशींच्या आतलं एक प्रथिन जागं होतं आणि 'दूध तयार करा' हा निरोप पुढे नेतं. जागं झालेलं प्रथिन तेवढं ओळखणारं प्रतिपिंड सुनेत्राकडे होतं. ते चिकटलं की पांढऱ्या पट्टीवर तपकिरी रेघ उमटायची.

एका बशीला हार्मोन द्यायचं. दुसरीला नाही. तिला सुनेत्रा उपाशी बशी म्हणायची. पट्टीवर तिची जागा कोरी राहिली, तरच प्रयोग खरा.

सहा महिने ती कोरी राहिली.

नोव्हेंबरात तिथे रेघ आली...

सुनेत्राने सगळं नव्याने केलं. पुन्हा रेघ.

तिचे मार्गदर्शक बन्सीधर सर वैतागले. "फोटोतला तेवढा भाग काप. नाहीतर लिही, चुकून हार्मोन पडलं."

"पडलं नाही सर. मग कसं लिहू?"

"मग मी सही कशी करू?"

सही नाही म्हणजे पदवी नाही. चार वर्षांचं काम पाण्यात.

"दादा, तू कशावरच विश्वास ठेवत नाहीस," ती मला म्हणाली. "तूच येऊन बस. माझ्या हातांकडे बघ."

म्हणून त्या बुधवारी मी तिथे होतो. हार्मोन फ्रीजमध्ये कुलूपबंद. किल्ली माझ्या खिशात. दोन्ही बशा उपाशी.

साडेपाचला वीज गेली. फ्रीजची घरघर थांबली.

टण... टण...

पत्र्यावर बोटांनी दोनदा मारावं तसं.

मग... सर्र... सर्र...

रिकाम्या बादलीत धार पडावी तसा आवाज. आधी खणखणीत. मग हळूहळू जाड... बादली भरत आल्यासारखा.

मी जिना बघितला. मोरी बघितली. खिडकीखालचं आवार बघितलं.

कुणी नाही.

सुनेत्राने घड्याळ बघून वहीत लिहिलं. ५.३५ ते ५.४७.

"भीती नाही वाटत?"

"बशा बर्फावर घ्यायच्यात दादा. नंतर भिते."

दुसऱ्या दिवशी पट्टीवर दोन्ही जागी रेघ होती. गडद.

मी पेडगावला गेलो. सरजाबाईचा मुलगा मुंजाजी अंगणात दोर वळत होता.

"माय गेली की," तो म्हणाला. "दिवाळीच्या तोंडावर."

"त्या म्हशीचं दूध कोण काढायचं?"

"मायच. दुसऱ्यानं हात लावला की लाथ. मला लय बसल्यात. मायनं बादलीवर दोन टिचक्या मारल्याबिगर पान्हाच न्हाई. जाताना बी तेच... म्हशीची येळ झाली, म्हणायलती."

टिचक्यांचं मी त्याला काहीच विचारलं नव्हतं.

हे ऐकून सर हसले. "बातमीदारांना भुतं बरी सापडतात. मी स्वतः करतो. शुक्रवारी संध्याकाळी. तिथे कुणी यायचं नाही."

सोमवारी ते पट्टी घेऊन आले. चार उपाशी बशा. चार रेघा.

त्यांनी सही केली. पेनाचं टोपण लावता लावता विचारलं, "सुनेत्रा, आपल्याकडे पत्र्याची बादली आहे का?"

"नाही सर."

प्रबंधात सगळे फोटो न कापता गेले. खाली सुनेत्राचं वाक्य होतं : 'हार्मोन दिलेले नव्हते. कारण माहीत नाही.' परीक्षकांनी ते काढायला सांगितलं. तिने काढलं नाही. पदवी दोन वर्षं उशिरा मिळाली, त्या वाक्यासकट.

त्या पेशींच्या दोन कुप्या तिने अजून गोठवून ठेवल्या आहेत. मी एकदा म्हटलं, टाकून दे.

"सरजाबाईला विचार आधी," ती म्हणाली.

पुन्हा मी तो विषय काढला नाही. संध्याकाळी साडेपाचला मात्र घरात रेडिओ लावतो... जरा मोठाच.