चाळिसाव्या दिवसाचं दही

दापोलीच्या भाषागृहात आलेल्या माणसाच्या हाती पहिले आठ दिवस चमचा देत नसत. माणूस पोलंडचा शल्यविशारद असो की कोरियाचा पूल बांधणारा इंजिनियर, त्यानं भाषादाईच्या हातूनच जेवायचं, असा दंडक होता. ऋजुता खांबेटेनं एकवीस वर्षांत त्रेसष्ट घोड्याएवढ्या माणसांना असा मऊ भात भरवला होता. ते त्रेसष्टही जण आज जगात कुठं कुठं पांगून अस्सल मराठी बोलत होते, आणि तेही थेट तिच्यासारखं, वाक्याच्या शेवटी सूर जरासा लांबवून.

खरं म्हणजे परकी भाषा शिकायची गरज कुणालाच उरली नव्हती. हरभऱ्याएवढी दुभाषी कुडी कानात घातली की समोरच्याचं बोलणं आपल्या भाषेत ऐकू येई. तरीही काही माणसं शिकायला येत. कुणाला सासूशी भांडायचं असे, कुणाला मरणाऱ्या रुग्णाशी बोलायचं असे. यंत्राच्या तोंडून ज्या गोष्टी बोलता येत नाहीत, त्या या माणसांच्या पोटात असत.

त्यांच्यासाठी डॉ. फिरोज मणियारांनी कवाड शोधलं होतं. लहान मुलाच्या मेंदूत भाषेसाठी एक कवाड सताड उघडं असतं. म्हणून तीन वर्षांचं पोर कुणी न शिकवता बोलू लागतं, आणि त्याचा बाप मात्र दहा वर्षं पुस्तकं घोकून परक्या भाषेत भाजीसुद्धा धड विकत घेऊ शकत नाही. वय वाढतं तसं ते कवाड लागत जातं. मणियारांच्या औषधानं ते मोठ्या माणसात चाळीस दिवस पुन्हा उघडता येऊ लागलं.

सुरुवातीला मात्र सगळंच मुसळ केरात गेलं. औषध देऊन माणसांना उत्तमोत्तम ध्वनिफिती ऐकवल्या, नामवंत शिक्षक आणले, पण डोक्यात शब्द साठले आणि भाषा काही येईना. मग मणियारांच्या लक्षात आलं की तान्हं मूल भाषा शिकतं ती त्याला उचलून घेणाऱ्या माणसाकडून. कवाडातून आधी माणूस आत शिरतो आणि त्याच्या मागून भाषा येते. या आत शिरण्याला त्यांनी साधं नाव दिलं, लळा. लळा जितका घट्ट, तितकी भाषा पक्की. म्हणून भाषादाई, म्हणून भरवणं, म्हणून वही नाही, व्याकरण नाही आणि चुकलं तर टोकणंही नाही. शिकाऊ चुकला की दाई तेच वाक्य सहज बरोबर म्हणून पुढं मेथी निवडायला लागे.

पण चाळीस दिवसांनी त्या लळ्याचं करायचं काय? कोरियाचा तो इंजिनियर तसाच परत गेला, आणि पंधरवड्यात येऊन भाषागृहाच्या फाटकाशी बसला. अकरा महिने तो तिथून हलला नाही. दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईना, वाळून काटकी झाला. तेव्हापासून मणियार उतारा देऊ लागले. त्यानं लळा उतरतो आणि भाषा राहते. शिकाऊ फक्त दाईच्याच हातचं निमूटपणे घेई, म्हणून उतारा तिनंच द्यायचा. परगावी निघालेल्याच्या तळहातावर आपण दही घालतो, त्या दह्यातून ती तो देई. दही घालायचं ते माणूस सुखरूप परत यावा म्हणून. ऋजुता ते घाले त्यानं पुन्हा मागं वळूनही पाहू नये म्हणून. पहिल्या वर्षी ती दर वेळी रडायची. पुढं सवय झाली, निदान ती तसं म्हणायची.

चौसष्टावा शिकाऊ फिनलंडहून आला. वय सत्तावीस, नाव ओजस. मराठी का शिकायची, या रकान्यात त्यानं लिहिलं होतं, ‘एका बाईंना एक प्रश्न विचारायचा आहे. यंत्राच्या आवाजात विचारायचा नाही.’ दाई म्हणून त्यानं ऋजुताचं नाव घालून मागणी केली होती.

अर्ज वाचून ऋजुता खुर्चीत बसूनच राहिली. तिचं लग्न फिनलंडमध्ये झालं होतं, आणि हा तिचा मुलगा होता.

नातेवाइकाला शिकवायचं नाही, असा भाषागृहाचा नियम होता. तो तिला तोंडपाठ होता आणि तिनं तो गिळून टाकला. तेवीस वर्षं डोळे ज्या वाटेकडे लागले होते, त्या वाटेनं पोर स्वतःच्या पायांनी चालत येत होतं. ती काय नियम सांगून त्याला परत पाठवणार होती?

फाटकात त्यानं स्वतःची वही जमा केली आणि कानातली कुडी काढण्याआधी एवढंच म्हणाला, “आत्ता काही बोलू नका. आधी मला भाषा द्या.” तिच्या कानातल्या कुडीतून आलेला यंत्राचा आवाज सपाट होता. ऋजुतानं मान हलवली.

मग भाताचा पहिला घास. तिच्या हातून अर्धा भात त्याच्या मांडीवर सांडला. तो हसला, आणि तिला कित्येक वर्षांत झालं नव्हतं एवढं सुख झालं. आठव्या दिवशी तो पाणी मागू लागला, विसाव्या दिवशी गोष्टी. अकराव्या दिवशी मेथी निवडता निवडता तो तिला “आई” म्हणाला. आजवर निम्म्या शिकाऊंनी कधी ना कधी तिला आई म्हटलं होतं, त्यामुळे घरात कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. ती पाठीमागच्या पडवीत गेली आणि पदर तोंडात कोंबून रडली.

तिसाव्या दिवशी तिला राहवेना. ती मणियारांकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. त्यांनी चष्मा काढून पुसला.

“सर, उतारा चाळीस दिवसांचाच लळा उतरवतो ना?”

“लळ्यावर तारखा नसतात, ऋजुताबाई. त्याच्या मेंदूत तुमची म्हणून एकच जागा आहे. बाकीच्यांची ती येताना कोरी होती. उताऱ्यानं पुन्हा कोरी झाली, कुणाचं काही गेलं नाही. तुमच्या मुलाची कोरी नव्हती.”

“असं काय होतं हो तिथं? राग असेल, दुसरं काय असणार!”

“ज्याचा लळा नाही त्याच्यावर कोण तेवीस वर्षं रागावतं? तोही लळाच. उतारा दिलात की तोही जाईल.”

“आणि नाही दिला तर?”

मणियारांनी खिडकीतून, तो इंजिनियर बसायचा त्या फाटकाकडे पाहिलं. “मला तुमच्यावर ओरडायला हवं,” ते म्हणाले, “पण आता ओरडून काय फायदा? एक करा. त्याला प्रश्न विचारायचाय ना? दह्याआधी विचारू दे.”

ऋजुताजवळ उत्तर केव्हाचं तयार होतं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून ती तीन महिन्यांसाठी दापोलीला आली होती आणि चौदा महिने अडकली. परत गेली तेव्हा चार वर्षांचा ओजस मराठी साफ विसरला होता. ती बोलू लागली की तो तिथल्या आजीच्या मागं लपे. ती एकोणीस दिवस त्याच्यासमोर जमिनीवर बसून बोलत राहिली आणि तो रडत राहिला. विसाव्या दिवशी ती निघून आली. लोकांना तिनं सांगितलं की पोराचे हाल नकोत म्हणून आले. खरं ते नव्हतं. ती चार वर्षांच्या पोरावर रुसली होती. हे तिला त्याला सांगायचं होतं आणि त्यानं दिलेली शिक्षा घ्यायची होती.

एकोणचाळिसाव्या दिवशी दुपारी तिनं विषय काढला. “ओजस, तुला मला काहीतरी विचारायचं होतं ना रे?”

तो तिच्या मांडीवर डोकं टेकून पडला होता. “होतं. पण आता तू आहेस की इथं. मग कशाला?”

“तरी विचार. रागाव माझ्यावर.”

“तुझ्यावर?” तो खदखदून हसला. “काहीतरीच बोलतेस, आई!”

तिला कळून चुकलं. लळा असा काठोकाठ भरला होता की त्यात प्रश्नाला जागाच नव्हती. तिनं स्वतः होऊन सांगितलं असतं तरी त्यानं ते गोष्टीसारखं ऐकलं असतं आणि आणखी एक सांग म्हणाला असता. पोर असं जन्मभर आपल्या मांडीवर राहील, फक्त उद्याचं दही उतारा न घालता साधं लावायचं, एवढा एकच विचार ती संध्याकाळपर्यंत करत होती. मग जेवताना त्यानं तिच्या हाताशिवाय घास घेतला नाही. नवव्या दिवसापासून वापरत आलेला चमचा हातात दिला तर तो गोंधळून त्याच्याकडे बघत राहिला. ती मनात म्हणाली, एकदा मी याला माझ्यासाठी सोडलं, आता याला माझ्यासाठी धरून ठेवू की काय?

सकाळी तिनं त्याच्या तळहातावर दही घातलं. ते त्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि तळहात तिच्या पदराला पुसला.

उतारा चढायला दोन तास लागतात. ते दोन तास ती स्वयंपाकघरात भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा घासली. बाहेर आली तेव्हा तो ओसरीवर नीट बसला होता, मांडीवर परत मिळालेली वही होती. तिला पाहून तो अदबीनं उठून उभा राहिला.

“बाई, तुमचे उपकार कसे फेडू? फार मनापासून शिकवलंत.” मराठी निर्दोष होती, सूर शेवटी जरासा लांबलेला. “तुम्ही माझ्या आई आहात, हे मला ठाऊक आहे. वहीत पहिल्याच पानावर लिहिलंय, तुम्हाला विचारायचं, की मला सोडून का गेलात.” त्यानं ते पान जुनी पावती पाहावी तसं पाहिलं. “गंमत आहे. तेव्हा मला हे इतकं महत्त्वाचं का वाटत होतं, कळत नाही.”



त्यानं घड्याळ पाहिलं. तिच्या चेहऱ्याकडे पाहून त्याला थोडं वाईट वाटलं असावं. मुलगा मुळातच चांगला होता. “तुम्हाला सांगायचं असेल तर जरूर सांगा,” तो म्हणाला. “गाडी यायला अजून वीस मिनिटं आहेत. मी ऐकतो.”

तिनं पदर सावरला. “नको,” ती म्हणाली. “तसं विशेष काही नव्हतं.”

“बरं तर, येतो,” तो म्हणाला. जाताना ‘जातो’ म्हणायचं नाही, हे तिनंच त्याला शिकवलं होतं.