पूलवाल्याची निरगाठ

आत्याने त्याला दारातच पकडलं.

"किती हा उशीर! बाकीच्यांची निम्मी चौकट विणून झाली आणि तुम्ही आत्ता उगवताय? चला, बसा इथे."

"अहो, पण मी—"

"कारणं नंतर सांगा. वेत वाळतोय."

वेतकामाच्या त्या वर्गात दर रविवारी शहर बघायला आलेले पाहुणे येत. सकाळी कोऱ्या लाकडी चौकटीसमोर बसत आणि संध्याकाळी स्वतःच्या हाताने विणलेलं स्टूल काखेत मारून, चेहरा फुलवून निघून जात. त्या रविवारी एक पाहुणा उगवलाच नव्हता. आत्या सकाळपासून त्याच्या नावाने बोटं मोडत होती, त्यामुळे दारात दिसलेल्या पहिल्याच माणसावर तिने झडप घातली. बिचारा पुलाकडे जायचा रस्ता विचारायला थांबला होता. पण ते तोंडातून बाहेर पडायच्या आत त्याच्या मांडीवर ओल्या पट्ट्यांची जुडी येऊन पडलीसुद्धा.

समोर टबात पट्ट्या भिजवत बसलेल्या भाचीला हा घोटाळा लगेच कळला. कारण न आलेला पाहुणा म्हणजे एक निवृत्त शिक्षिका होती, आणि हा माणूस कुठल्याही कोनातून निवृत्त शिक्षिका दिसत नव्हता. तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्याने मदतीसाठी इकडेतिकडे बघितलं, ती नजर नेमकी तिच्यावर येऊन थांबली, आणि… तिला हसू आवरेना.

ती हळूच त्याच्याजवळ आली. "सोडवू का तुम्हाला?"

"विणायला कोण शिकवतं इथे? त्या?"

"नाही. मी."

त्याने पट्ट्यांची जुडी नीट सावरून धरली. "मग राहू द्या. रस्ता काय… उद्याही सापडेल."

तिने शिकवलं. पट्टी चौकटीच्या भोकातून खाली घ्यायची, खालून सुरगाठ मारून तात्पुरती अडकवायची. सगळी वीण ताणून झाली की ती सुरगाठ ओढून सोडायची आणि तिथे पक्की निरगाठ मारायची. सोपं काम. हात चालत राहिले पाहिजेत आणि लक्ष चौकटीवर पाहिजे, एवढंच.

संध्याकाळी परीक्षा असे. परीक्षा म्हणजे आत्या. आत्या अंगापिंडाने भरभक्कम होती आणि प्रत्येक स्टुलावर ती स्वतः बसून बघे. स्टुलाने तिला पेललं तर माणूस पास. पास झालेल्याला हसून निरोप. नापास झालेल्याने पुढच्या रविवारी परत यायचं, असा तिचा नियम होता. पण नापास कुणी होतच नसे, कारण भाची डोळ्यांत तेल घालून शिकवायची. त्याला कारणही तसंच होतं. आत्याच्या कमरेला दुकानाच्या किल्ल्यांची जुडी असे. हंगाम सुरू होताना आत्या म्हणाली होती, "माझे गुडघे आता कुरकुरतात. यंदा तुझ्या हाताखालचं एकही स्टूल मला घेऊन खाली बसलं नाही ना, तर या किल्ल्या तुझ्या. मग खुर्च्या कर, झोपाळे कर, काय हवं ते कर."

भाचीच्या मनात कधीपासून एक झोपाळा होता, दोघांना ऐसपैस बसता येईल असा. पण आत्याच्या राज्यात फक्त स्टुलं.

तर त्या संध्याकाळी आत्या एकेका स्टुलावर बसत, माना डोलवत, शेवटी त्याच्या स्टुलापाशी आली. बसली. सर्र्… आवाज झाला आणि आत्या चौकटीतून आरपार खाली! वर दिसत होते ते फक्त दोन पाय आणि संतापलेला चेहरा.

"काय… काय काम करता हो तुम्ही?" तिने अडकल्या जागेवरूनच विचारलं.

"पूल तपासतो," तो कसाबसा म्हणाला. "नदीवरचा जुना पूल दुरुस्त होतोय ना, तो लोकांचं वजन पेलेल की नाही, हे… मी ठरवतो."

आत्याने चौकटीतूनच त्याच्याकडे रोखून बघितलं.

"आजपासून मी नदीपलीकडे नावेने जाणार," आत्याने जाहीर केलं.

तिला ओढून बाहेर काढल्यावर भाचीने स्टूल उलटं केलं. खाली सगळ्या सुरगाठीच! निरगाठ मारायचं तो साफ विसरला होता.

"एवढं सांगितलं होतं मी! लक्ष कुठे होतं तुमचं?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमचे हात ओले होते… म्हणून तुम्ही कोपराने केस मागे सारत होतात. मी… तेवढंच बघत राहिलो."

आता लाल व्हायची पाळी तिची होती.

आत्याने कंबर चोळत निकाल दिला. "याला मीच ओढून बसवलं, तेव्हा एवढं माफ. हंगाम संपायच्या आत या पूलवाल्याला पास कर, मी हे पडणं विसरून जाईन. नाहीतर किल्ल्या इथेच," आणि तिने कमरेवर हात मारला.

पुढच्या रविवारी पूलवाला सगळ्यांच्या आधी हजर. टबात पाणी त्यानेच भरलं. त्याच्या पुढच्या रविवारीही तसंच. भाची त्याच्या शेजारी बसून पट्टी वरून-खालून कशी न्यायची ते दाखवायची, पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळायचं, आणि ओल्या वेताचा तो हिरवट वास दोघांच्या मध्ये भरून राहायचा.

"पूल कसा तपासता हो?" तिने एकदा विचारलं.

"हातोडीने ठोकून बघतो आणि आवाज ऐकतो. कुठे पोकळ आहे, कुठे भरीव, ते कळतं."

"आणि माणसं?"

"माणसं…" तो पट्टीकडे बघत म्हणाला, "माणसाच्या मनाला ठोकून बघायला हिंमत लागते, मास्तरीणबाई."

"पुलावरून खाली लोंबकळायची हिंमत आहे तुमच्यात!"

"तिथे कमरेला दोर असतो."

ती इतकी हसली की शेजारच्या पाहुण्यांनी माना वळवल्या. घरी गेल्यावर रात्री अंथरुणात ते आठवून पुन्हा हसली. रविवारची वाट बघण्यात आपला आठवडा जातो, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं.

एवढं सगळं होऊन तो नापासच होत होता. आत्या आता बसण्याआधी स्टुलाखाली उशी ठेवायची. तिसऱ्यांदा ती उशीवर धप्पकन आदळली तेव्हा म्हणाली, "पोरी, पुढचा रविवार शेवटचा. आता देवच याला पास करो, नाहीतर उशी तरी जाड आण."

सगळे गेल्यावर भाचीने ते फाटकं स्टूल मांडीवर उलटं घेतलं. तीन बाजूंना निरगाठी होत्या, अशा चिवट की दाभणानेसुद्धा सुटणार नाहीत. आणि चौथ्या बाजूला ओळीने सुरगाठी. सारख्या अंतरावर, सारख्या ताणाच्या, देखण्या. आत्याचं वजन पडेपर्यंत धराव्यात आणि पडताच सुटाव्यात, अशा बेताच्या.

तीन बाजू आठवणारा माणूस चौथी विसरत नाही. चौथी मुद्दाम सोडावी लागते.

आधी तिला कसं गोड वाटलं! तो मुद्दाम नापास होत होता, परत येता यावं म्हणून. मग आत्याच्या कमरेची जुडी डोळ्यांसमोर आली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी ती स्टूल घेऊन तडक पुलावर पोहोचली. तो कठड्यापाशी हातोडी घेऊन कान लावून बसला होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला, तिच्या हातातलं स्टूल बघून पडला.

"ही काय थट्टा आहे?" तिने विचारलं. "तुमच्या या गाठींपायी माझ्या किल्ल्या चालल्यात! माहीत आहे तुम्हाला? तुम्ही पास झालात तरच आत्या दुकान माझ्या हातात देणार आहे."

तो उठून उभा राहिला. "मला… मला खरंच माहीत नव्हतं."

"विचारलंत कधी?"

"नाही." त्याने हातोडी खाली ठेवली. "चुकलं माझं. पास झालो की निरोप, एवढंच कळत होतं मला. आणि निरोप नको होता."

खालून नदीचं पाणी जात होतं.

"इथलं काम संपतंय," तो म्हणाला. "नदीवर आणखी वरच्या अंगाला जुने पूल आहेत. साहेब विचारतायत, ते काम घेऊन इथेच राहतोस का. मी अजून उत्तर दिलं नाही."

"का?"

"उत्तर माझ्या एकट्याच्या हातात नाही."

त्याला काय म्हणायचंय ते तिला कळलं. पण आवाज तिने कडकच ठेवला. "आधी स्टूल विणा. चारही बाजूंनी निरगाठ. मग बघू." आणि ती वळून चालायला लागली. पूल संपेपर्यंत तिने मागे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर रागाचं सोंग तिथेच गळून पडलं असतं.

शेवटच्या रविवारी पूलवाला आला, बसला आणि मान खाली घालून विणत राहिला. त्याने एकदाही वर बघितलं नाही. भाची मुद्दाम त्याच्यासमोरून गेली. कोपराने केस मागे सारले. दोनदा सारले. ढिम्म! आपणच दटावलं होतं हे ठाऊक असूनही तिला त्याचा सात्त्विक संताप आला. आणि भीतीही वाटली. पास होऊन हा सरळ निघून गेला तर? झोपाळा मिळेल, पण त्यावर शेजारी कोण बसणार?

संध्याकाळ झाली. बाकीची स्टुलं पास झाली. आत्याने उशी हातात घेतली, पूलवाल्याकडे बघितलं, आणि कोण जाणे का, उशी बाजूला फेकली.

ती बसली. वेत कुरकुरला. भाचीने डोळे मिटून घेतले.

आवाज आला नाही. तिने डोळे उघडले. आत्या बसलेलीच होती! आत्याने हळूच पाय उचलले. मग जरा उसळी मारून बघितली. मग म्हणाली, "ये गं, तूही बस."

"आत्या, अगं—"

"बस म्हणते ना!"

भाची आत्याच्या मांडीवर बसली, लहानपणी बसायची तशी. स्टुलाने हूं की चूं केलं नाही. पाहुण्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, कुणीतरी शिट्टी मारली, दोघी उठल्या, आणि भाचीचा जीव भांड्यात पडतोय तोच आत्याने कमरेची जुडी सोडून तिच्या ओंजळीत ठेवली.

"घे. मालकीण झालीस."

किल्ल्या आत्याच्या अंगाच्या उबेने अजून गरम होत्या. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातून तिला दिसलं की पूलवाला आपलं स्टूल उचलून काखेत मारतोय.

"येतो मी," तो हळू आवाजात म्हणाला. "पास झालेल्याला निरोप… नियमच आहे."

"थांबा!"

दाराकडे निघालेले पाहुणे मागे वळले.

"मालकीण बोलतेय," ती म्हणाली. किल्ल्यांची मूठ घट्ट होती. "आजपासून नियम बदलला. नापासांना निरोप. पास झालेल्याने परत यायचं."

"दर रविवारी?"

"सोमवारीसुद्धा. आणि… बाकीच्या वारीसुद्धा. मला दोघांचा झोपाळा विणायचाय. तो पेलतो की नाही बघायला माणूस लागेल."

त्याचे डोळे हसले. "आत्याबाई आहेत की."

"आत्या नको. तुम्ही हवे आहात." तिने श्वास घेतला. "हे मालकीण म्हणून नाही सांगत. मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून. नाहीतर तेव्हाच रस्ता दाखवला नसता का?"

काखेतलं स्टूल त्याने खाली ठेवलं, अगदी तिच्या पायाशी. "साहेबांना उद्या सकाळीच हो म्हणून सांगतो," तो म्हणाला, आणि तिचा किल्ल्यांचा हात त्याने आपल्या दोन्ही हातांत घेतला. दोघांचेही हात वेताच्या पाण्याने ओले होते.

आत्याने खुंटीवरची पिशवी घेतली आणि दाराकडे निघाली.

"कुठे निघालीस?" भाचीने विचारलं.

"पलीकडे, मैत्रिणीकडे. बातमी सांगायला नको?"

"अगं, पण आता नाव कुठली मिळणार?"

आत्याने वळून त्या नव्या स्टुलाकडे बघितलं, मग भाचीच्या पूलवाल्याकडे.

"नाव कशाला हवी?" ती म्हणाली. "पुलावरून जाते."