ठिणगीचा दांडा

"चोरी झाली बाई. लातूरला. आन् ऐवज एवढा." संघपालांनी करंगळीच्या नखावर अंगठा ठेवला.

कावेरीबाई हसल्या नाहीत. तीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकलेल्या गाड्या तपासून त्यांनी नांदेडात स्वतःची तपास कचेरी काढली होती, आणि नखाएवढ्या गोष्टीनं माणसं खोटी पडलेली त्यांनी बघितली होती. हसले ते चन्नबसप्पा, त्यांचे सहकारी. उदगीरचे हे निवृत्त हवालदार चहाला वेळेवर आणि निष्कर्षाला उशिरा पोचत.

संघपाल मूळचे भोकरचे, एसटीच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. दीड वर्ष खपून त्यांनी १९१२ सालच्या एका विलायती मोटारीची हातभर लांबीची प्रतिकृती केली होती. सागाची बॉडी, लाकडी आऱ्यांची चाकं, पितळी दिवे, चांदीची नंबरप्लेट. मूळ मोटार भुजंगराव जहागीरदारांच्या गोठ्यात गंजत पडली होती. भुजंगरावांनी लातूरला आजोबांच्या नावानं संग्रहालयाचा हॉल बांधला आणि तिथं ठेवायला ही प्रतिकृती करून घेतली.

"स्टेरिंगखाली दोन पितळी कमानी हायेत. एकीवर पेट्रोलचा दांडा, दुसरीवर ठिणगीचा. ठिणगीचा गेला."

"आणि चांदीची नंबरप्लेट?"

"ती हाय जागेवर."

"शेवटचा हात कुणाचा लागला होता गाडीला?"

"माझाच. न्यायच्या आदल्या सांजेला समदं पितळ चिंच-मिठानं घासलं. शनवारी काचेच्या पेटीत ठिवली, मालकांनी कुलूप घातलं. सोमवारी बघतो तर दांडा गायब."

कावेरीबाईंनी मूळ मोटारीचे फोटो मागितले. संघपालांच्या मोबाइलमध्ये ते शेकड्यांनी होते. एका फोटोत ठिणगीचा दांडा गंजून जाम झालेला, कमानीच्या अगदी खालच्या टोकाला.

"प्रतिकृतीतही असाच होता?"

"जसं सापडलं तसंच बनवलं. एक खिळा इकडचा तिकडं न्हाई."

"हीच गाडी का निवडलीत?"

"आमच्या घरात या गाडीचं नाव रोज निघायचं," एवढंच ते म्हणाले. मग उठता उठता अट घातली. "उत्तर घावलं की रविवारी उद्घाटनात सांगायचं, समद्यांसमोर. बंद खोलीत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं लातूरला गेले. हॉलच्या दाराशीच व्यंकटी भेटला. झाडलोट त्याच्याकडं होती, आणि संशयही आधी त्याच्यावरच आला होता. बिचारा दोन दिवसांत अर्धा झाला होता.

"मी वरून काच पुसतो बाई. आतल्याला बोट न्हाई लावलं. चावी मालकाच्या कमरेला असती. रविवारी मला समद्यांसमोर हाकलणार म्हणून राहिलेत."

"शनिवारी पेटी भरताना दांडा पाहिला होतास?"

"कुणी बघितला? मालकांनी लगेच मखमल टाकली वरून."

आत भुजंगरावांची नात करिश्मा होती. इंजिनिअरिंगला शिकणारी आणि फटकळ. "या जागेत वाचनालय होतं. आजोबांनी ते हलवलं, म्हणून मी भांडले. सगळ्यांना वाटतं, मीच काहीतरी केलं."

"केलंस?"

"मी केलं असतं तर दांड्याच्या स्क्रूवर ओरखडा उठला असता. तो बघा, कोरा आहे. माझा हात एवढा साफ नाही."

मग खुद्द भुजंगराव आले. त्यांनी पेटी उघडून दिली आणि भिंतीवरच्या पाटीकडं हात केला. पाटीवर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: *सन १९३१. गाडी सुरू करताना मद्यधुंद नोकर मारोती, राहणार भोकर, स्वतःच्या चुकीनं हँडल लागून मरण पावला.*

"गाडी कोण चालवत होतं त्या दिवशी?" कावेरीबाईंनी विचारलं.

"आजोबाच. त्या सीटवर दुसऱ्याला कधी बसू दिलं नाही त्यांनी. शिकारीहून येताना गाडी वाटेत बंद पडली, मारोती पुढचं हँडल फिरवून ती सुरू करायला उतरला."

"नंतर?"

"अपशकुन झाला. गाडी बैलांनी ओढून आणली. त्या दिवसापासून तिच्या कुठल्या खटक्याला कुणी बोट लावलं नाही, हे आमच्या घराण्याचं व्रत समजा." ते अभिमानानं म्हणाले. "चोर सापडला की रविवारी सगळ्यांसमोर नाक कापा त्याचं."

चन्नबसप्पांनी तेवढ्यात प्रतिकृतीतला पेट्रोलचा दांडा बोटानं सरकवला. "इथं घासायचं राहिलं की. दांड्याखाली काळं हाय."

कावेरीबाई वाकल्या. दुसरी कमान, जिच्यावर ठिणगीचा दांडा असायला हवा होता, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत लखलखत होती. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या.

परतताना चन्नबसप्पा म्हणाले, "चावी मालकाची. म्हणजे मालकच."

"मालकाला चोरायचं असतं तर चांदीची प्लेट सोडून दांडा कशाला घेतला असता? आणि आज पेटी स्वतः उघडून दिली असती?" कावेरीबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांना राग आला होता, पण कुणावर ते त्यांनी सांगितलं नाही.

रविवारी हॉल गच्च भरला. भोकरहून दोन जीप भरून माणसं आली होती, जहागीरदारांचे सोयरे पहिल्या रांगेत होते. व्यंकटी खांबाला टेकून उभा होता. भुजंगरावांनी माइक कावेरीबाईंच्या हातात दिला.

"व्यंकटीनं चोरी केलेली नाही," त्यांनी आधी तेच सांगितलं. "पेटीतून काहीच चोरीला गेलं नाही. दांडा पेटीत आलाच नव्हता."

कुजबुज झाली.

"पितळ घासताना दांड्याखाली चिंच पोचत नाही. पेट्रोलच्या दांड्याखाली काळी रेघ राहिली आहे. ठिणगीच्या कमानीवर तशी रेघ नाही. म्हणजे घासण्याआधीच दांडा निघालेला होता. घासलं एकाच माणसानं, आणि त्यानंतर आत कुणाचा हात गेला नाही. कोऱ्या स्क्रूवर ओरखडा न उठवता तो काढणाराही तोच. संघपालराव, ती कमान मळकी ठेवली असती तर मी फसले असते."

"मळकं पितळ माझ्या हातून जात न्हाई बाई," संघपाल उठून म्हणाले. "चाळीस वर्षांची खोड."

"दांडा चोरला म्हणून मी तुम्हाला दोष द्यायचा, तर तुम्ही मला का बोलावलं हेही सांगावं लागेल. तो दांडा काय सांगतो, ते माझ्याच तोंडून वदवायचं होतं तुम्हाला. वापरलंत तुम्ही मला."

"हाव. पाटी खोटी हाय म्हणून दोन पत्रं लिहिली मालकांना, हसले. फिटरचं कोण ऐकतंय? आन् मी मारोतीचा नातू. मारोतीचीच बाजू घेणार, म्हणले असते."

आता माइक ठेवून निघून जाणं कावेरीबाईंना शक्य होतं. त्यांनी माइक घट्ट धरला.

"तर ऐका. ठिणगीचा दांडा खाली असला की इंजिनात ठिणगी लवकर पडते. धावत्या गाडीला ते चालतं. पण हँडल मारायच्या आधी दांडा वर घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर इंजिन उलट झटका देतं आणि लोखंडी हँडल समोरच्या माणसाच्या तोंडावर येतं. दांडा असतो स्टिअरिंगपाशी. हँडल मारणाऱ्याचा हात तिथं पोचत नाही. तो वर घ्यायचा सीटवरच्यानं. त्या दिवसापासून गाडीच्या कुठल्या खटक्याला बोट लागलं नाही, असं भुजंगरावांनीच मला सांगितलं. आणि गोठ्यात तो दांडा आजही खालीच गंजलेला आहे."

"मारोती प्यायला होता!" भुजंगराव ओरडले.

"प्यायला असेल किंवा नसेल. दांडा त्याच्या हातात नव्हता."

"आजोबा," करिश्मा उभी राहिली. "सीटवर कोण होतं?"

भुजंगरावांनी सोयऱ्यांकडं पाहिलं. सोयरे जमिनीकडं बघत होते.

"माझी आजी नागुबाई," संघपाल सावकाश पुढं आले, "एकोणतीस वर्षं दारुड्याची बायको म्हणून जगली. विहिरीवर बाया त्या नावानं हाक मारायच्या. तिच्या नवऱ्यानं थेंब घेतला नव्हता. मेली तवा मी न्हवतोच. पण बापाला सांगून गेली, त्या घराच्या तोंडून खरं वदव. बापाला न्हाई जमलं. मला दीड वरीस लागलं."

"पाटी काढून टाकतो," भुजंगराव पुटपुटले. "आत्ता काढतो. झालं?"

"न्हाई झालं."

संघपालांनी खिशातून कोरा कागद आणि पेन काढून त्यांच्यापुढं ठेवलं. "नवी पाटी लागंल. मजकूर तुमच्या अक्षरात, खाली तुमची सही. लिवा. मारोती शुद्धीत होता. चूक सीटवरच्या माणसाची होती."

पहिल्या रांगेतून कुणी उठलं नाही. भुजंगरावांनी पेन उचललं. दोन वाक्यं लिहून त्यांनी कागद पुढं सरकवला.

संघपालांनी तो वाचला आणि परत त्यांच्यापुढं सारला.

"सीटवरच्या माणसाचं नाव ऱ्हायलं," ते म्हणाले. "आमच्या माणसाचं तुम्ही गावासकट लिवलं होतं."